चौकाचा रस्ता कधी झाला?

कट्टेकरी · गुरुवार, रात्री ९:४०

आमच्या पेठेतल्या पाराला गेल्या महिन्यात जाळी बसली. पिंपळ तोच, खालचा शेंदूर फासलेला मारुती तोच. फक्त भोवती छातीएवढी लोखंडी जाळी, पिवळ्या ऑइलपेंटने रंगवलेली, आणि तिला कुलूप. जाळीवर पाटी: 'पारावर बसू नये. रहदारीस अडथळा होतो.' पुण्यात पाटीचं नवल कोणाला नाही. पण ही वाचून मी दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो. अडथळा पाराचा असेल तर पार हलवायला हवा होता. पार आहे तिथेच आहे. गेले ते बसणारे.

चार म्हातारे रोज संध्याकाळी तिथे बसायचे. समोर मंडळाचा फळा. त्यावर सकाळी कोणीतरी खडूने बातमी लिहून जातो, कधी निवडणुकीची, कधी कोणाच्या दहाव्याची. चौघे ती वाचायचे आणि चौघांची पाच मतं व्हायची. आता तेच चौघे समोर लावलेल्या दुचाक्यांवर आडवे बसतात. एकाने पेपरची घडी सीटवर अंथरलेली असते. गाडीचा मालक आला की मुकाट उठून शेजारच्या गाडीवर.

यावरून मला तोक्यो आठवलं. शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेला जमिनीखाली एक मोठं आवार आहे. १९६९ साली दर शनिवारी संध्याकाळी तिथे पोरंपोरी गिटार घेऊन व्हिएतनाम युद्धाविरुद्ध गाणी म्हणायची. सुरुवातीला थोडी होती, मग हजारांनी जमायला लागली. जुलैत एके दिवशी तिथल्या पाट्या बदलल्या. आधी लिहिलेलं असायचं 'हिरोबा', म्हणजे आपलं पटांगण किंवा चौक म्हणा. नव्या पाटीवर आलं 'त्सूरो', म्हणजे जाण्यायेण्याची वाट. जागा तीच, फरशी तीच. पटांगणात माणूस थांबला तर त्याला कोण काय म्हणणार? वाटेत थांबला की तो अडथळा. गाण्याबद्दल चकार शब्द न काढता पोलिसांना 'चला, पुढे चला' म्हणता आलं, आणि महिन्याभरात ती गाणी तिथून उठली.

मला वाटतं सगळी मेख या 'पुढे चला'मध्ये आहे. शहरात कोण बोलतो यापेक्षा कोण थांबतो याची धास्ती जास्त. बोलणाऱ्याला सभागृह देता येतं, माईक देता येतो, वेळ संपल्याची चिठ्ठीही देता येते. काम नसताना नुसता उभा राहिलेला माणूस कोणत्या खात्यात टाकायचा?

बीजिंगचं त्यानआनमेन याच्या दुसऱ्या टोकाला. १९५८-५९ मध्ये आजूबाजूचं पाडून ते वाढवलं, ४४ हेक्टर केलं. एवढी मोकळी जागा, पण बूड टेकायला बाक नाही आणि सावलीला झाड नाही. संचलन करणाऱ्याला सोयीचं, गप्पा मारणाऱ्याला नाही. तरी १९७६ ला पंतप्रधान चौ एन-लाय गेल्यावर लोक फुलं घेऊन तिथेच आले आणि १९८९ ला विद्यार्थी तिथेच बसले. १९८९ ला पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आता आत जायला आधी नाव नोंदवावं लागतं.

तर धागा यासाठी काढलाय: तुमच्या बघण्यातल्या जागा सांगा. पुण्यातल्या, बाहेरच्या. तिथे थांबू देतात का, कोणाला, किती वाजेपर्यंत?

मिसळप्रेमी · गुरुवार, रात्री १०:०२

+१. पाटीचा फोटो टाका हो.

शनिवारातला · गुरुवार, रात्री १०:५५

लेख छान. आता माझं ऐका.

मी अशाच एका चौकावर पहिल्या मजल्यावर राहतो. तुमचा तो थांबण्याचा हक्क माझ्या दिवाणखान्यात येऊन बसतो. दहा दिवस गणपती, नऊ दिवस देवी, दहीहंडी, सगळ्यांच्या जयंत्या, मध्येच कोणा दादाचा वाढदिवस. त्या दादाचा फ्लेक्स माझ्या खिडकीवर आडवा, म्हणजे आठवडाभर घरात त्याच्या मिशांतून उजेड येतो. तीन वर्षांपूर्वी आईला घरी ऑक्सिजन लागायचा. मांडवाच्या बांबूंतून टेम्पो आत येईना, तेव्हा मी आणि मुलगा नळकांडं आडवं धरून, खांद्यावर घेऊन, ढोलपथकाच्या मधून चाललो होतो. एकाने मला गुलाल लावला.

तेव्हा चौकाचा रस्ता झाला तर मला आनंदच आहे. आणि जाळी मंडळानेच बसवली असणार, पैज लावतो.

कट्टेकरी · गुरुवार, रात्री ११:२०

पैज जिंकलात. मंडळानेच बसवली. 'पारावर रात्री दारू पितात' हे कारण. पितात, खरं आहे. पण ते अकरानंतर, आणि ते जाळीवरून उडी मारतात. सत्तरीचे गृहस्थ मारू शकत नाहीत.

तुमच्या आईचं वाचून गप्प झालो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मला खटकतं ते एवढंच की 'अडथळा' हा शब्द माणूस बघून लागतो. मांडव पुरता रस्ता अडवतो, त्याला परवाना मिळतो. चौघं दीड फूट अडवतात, त्यांना पाटी.

टिळकांच्या काळात १८९० च्या दशकात हाच खेळ उलट बाजूने झाला ना? सभेला सरकारची नजर, पण देवाच्या मिरवणुकीला हात लावायला सरकार कचरायचं. म्हणून रस्त्यावर थांबायला गणपती हवा होता. (पहिला सार्वजनिक गणपती कोणाचा, हा वाद कृपया इथे नको.) आता गणपतीला रस्ता मिळतो आणि सभेला मिळत नाही. निमित्त राहिलं, काम गेलं.

पायरीवरचा · शुक्रवार, सकाळी ८:१५

कोर्टाच्या पायरीवर आयुष्य गेलं, म्हणून थोडं कायद्याचं.

घटनेचं कलम १९(१)(ख) शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देतं. कुठे जमायचं ते सांगत नाही. १९७२ साली हिंमतलाल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की रस्त्यावरच्या सभेला नियम लावा, पण परवानगी द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही. चांगला निकाल. पुढे २०२० च्या ऑक्टोबरात शाहीनबागेच्या निकालात कोर्ट म्हणालं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही आणि निदर्शनं ठरवून दिलेल्या जागीच व्हावीत. 'ठरवून दिलेली जागा' हे शब्द नीट वाचा.

दिल्लीत १९८८ ला टिकैतांचे शेतकरी बैलगाड्या-ट्रॅक्टर घेऊन बोट क्लबवर येऊन बसले. संसद दिसायची तिथून. १९९३ पासून बोट क्लब बंद, जंतरमंतरला जा. २०१७ मध्ये हरित लवादाने आवाजाच्या कारणाने जंतरमंतरही बंद केलं, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह पुन्हा उघडलं. बंगळूरमध्ये तर निदर्शनांसाठी फ्रीडम पार्क नेमून दिलं आहे. ते पूर्वीचं मध्यवर्ती कारागृह! ज्यांना आत टाकायचं ते आता आपल्या पायांनी आत जातात, परवाना दाखवून.

आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. त्याखालच्या आदेशाने पाच किंवा अधिक लोकांच्या जमावाला मनाई. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय हा आदेश १५ दिवसांपलीकडे चालत नाही. म्हणून तो १५ दिवसांनी नव्याने निघतो. पेपरात शेवटच्या पानावर छोटी चौकट असते, बघा कधी. म्हणजे तुमचे चौघे पारावर कायदेशीर होते. पाचवा आला असता तर प्रश्न.

शनिवारातला · शुक्रवार, सकाळी ८:४०

पाचवा आला की ब्रिजचा डाव मोडतो. चौघंच बरे.

टेकडीवाली · शुक्रवार, दुपारी १:१०

सगळा धागा वाचला. पार, कट्टा, फळा, चार म्हातारे. यात एकही बाई नाही हे कोणाच्या लक्षात आलं का?

माझी आई त्याच पेठांमध्ये ४० वर्षं राहिली. पारावर बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. ती मंडईत जायची, ओंकारेश्वरला जायची, शाळेच्या फाटकाशी आम्हाला न्यायला यायची. म्हणजे *जायची*. थांबायची ते कशाची तरी वाट बघत, आणि हातात पिशवी असायचीच. रिकाम्या हाताने चौकात उभी बाई म्हटलं की बघणाऱ्यांच्या डोक्यात काय येतं ते सांगायला नको. कट्टेकरी म्हणतात ते 'पुढे चला' आम्हाला पोलिसाने सांगावं लागत नाही. वयाच्या बाराव्या वर्षापासून आम्ही ते स्वतःच स्वतःला म्हणतो.

म्हणून मी टेकडीवर जाते. वेताळ टेकडीच्या खाणीपाशी पहाटे साडेसहाला एकटी बसले तरी कोणी हटकत नाही, कारण पायात बूट असतात. बूट हा परवाना. बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध २०२३ ला आम्ही मोठ्या संख्येने उतरलो, त्यात बायका इतक्या का होत्या? झाडं-पक्षी आहेतच. पण माझ्यासारख्या कितीतरी जणींची या शहरातली थांबायची ती एकच जागा आहे.

परतलेली · शुक्रवार, दुपारी ३:३५

टेकडीवाली, अगदी अगदी. यावर हाँगकाँगचं सांगायलाच हवं. सहा वर्षं होते तिथे.

सेंट्रल म्हणजे बँकांचा भाग, सोमवार ते शनिवार सूट आणि टाय. रविवारी सकाळी नऊपासून तिथे बायका यायला लागतात. फिलिपिन्सच्या, इंडोनेशियाच्या, घरकामाला आलेल्या. शहरात अशा तीन लाखांवर आहेत. कायद्याने मालकाच्या घरीच राहावं लागतं, आणि आठवड्यातला सुट्टीचा दिवस घरात काढायचा म्हणजे पुन्हा कामच. मग जायचं कुठे? एचएसबीसीच्या इमारतीचा तळमजला मोकळा सोडलेला आहे, त्याखाली, शेजारच्या चौकात, पुलांवर, जिन्यांत त्या बसतात. खोक्यांचे पुठ्ठे उलगडून, चिकटपट्टीने जोडून हातभर उंचीच्या भिंती करतात. चपला बाहेर काढून ठेवतात! पुठ्ठ्याच्या घराला उंबरठा. आत कोणी केस कापून देतं, कोणी गावाकडे पाठवायचं खोकं भरतं, कोणी नुसती झोपलेली असते.

पहिल्या वर्षी मी नाक मुरडून कडेने जायचे, खोटं कशाला बोलू. मग एकदा आमच्या मजल्यावरच्या घरात काम करणारी तिथे दिसली. आठवडाभर लिफ्टमध्ये खाली मान घालून उभी असणारी ती पुठ्ठ्यावर मांडी घालून एवढ्या मोठ्याने हसत होती की मला आधी ओळखूच आली नाही. तिथूनच पुढे पगाराचे, एजन्सीच्या फीचे मोर्चे निघतात. आधी ओळखी होतात, मग संघटना होते. पुठ्ठा पहिला.

त्याच शहरात व्हिक्टोरिया पार्कमध्ये दर ४ जूनला मेणबत्त्या लागायच्या, १९८९ च्या आठवणीत. सगळी हिरवळ भरून. २०२० पासून बंदी. आधी साथीचं कारण होतं, मग कारण लागलं नाही.

मिसळप्रेमी · शुक्रवार, दुपारी ४:००

'पुठ्ठा पहिला.' वा.

अवांतर: पाटीचा फोटो अजून आला नाही.

येरवडेकर · शुक्रवार, रात्री ९:०५

'चौकाचा रस्ता कधी झाला' असं शीर्षक आहे. मला विचाराल तर प्रश्न असा आहे की रस्ता तरी आमचा कधी झाला.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या आणि होऊ न दिलेल्या भाषणात पेशव्यांच्या पुण्याचं वर्णन आहे. अस्पृश्याने कमरेला झाडू बांधायचा, मागची पावलं पुसायला. गळ्यात मडकं, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. म्हणजे थांबणं दूरच, आपण गेलो याची खूणही मागे ठेवायची नाही. आता सांगा, यापेक्षा कडक 'पुढे चला' कुठल्या शहराच्या पाटीवर होतं?

म्हणून जोतीरावांनी १८६८ साली घरचा हौद उघडला, तो पाण्यापुरता नव्हता. हौदावर माणूस थांबतो. घागर भरेपर्यंत उभा राहतो, बोलतो. १९२९ चा पर्वतीचा सत्याग्रह घ्या. देवळात शिरण्याचा होता, पण अडवलं पायऱ्यांवर, दगडं पडली ती पायऱ्यांवर. आज त्याच पायऱ्यांवर सकाळी वजन कमी करायला लोक धावतात. धावू देत, चांगलंच आहे.

मंडईचंही बघा. भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. १८८० च्या दशकात नगरपालिकेने मंडई बांधली आणि तो आत नेला. विकणाऱ्यांना हलायचं नव्हतं. जोतीराव नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीवरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता, पैसा शिक्षणावर घाला म्हणाले. १८८० ला व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून हजार रुपये सजावटीला काढले, तेव्हाही विरोधात त्यांचं एकट्याचं मत. इमारतीला नाव दिलं गव्हर्नर रे यांचं. पुढे अत्रे नगरपालिकेत होते तेव्हा ते बदलून महात्मा फुले मंडई झालं. ज्या इमारतीला विरोध केला तिलाच त्यांचं नाव! मला यात गंमतही वाटते आणि बरंही वाटतं. १९२५ मध्ये ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी फुल्यांच्या पुतळ्याची मागणी केली तर शहरात केवढा गहजब झाला होता. टिळकांचा पुतळा मंडईत आदल्याच वर्षी बसला होता.

आणि १४ एप्रिलला पुणे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी या कधी. लहान पोर खांद्यावर, हातात पुस्तकांची पिशवी, रात्री बारापासून लोक उभे. आमची थांबायची जागा आम्ही अशी केली, पुतळ्याच्या आडोशाने. तुम्ही गणपतीच्या आडोशाने केलीत.

पुणेरी_पगडी · शुक्रवार, रात्री ९:३०

पुतळ्यांचा विषय निघालाच आहे तर लाल महालातून २०१० ला रात्रीतून कोणाचा हलवला आणि संभाजी बागेतून २०१७ ला कोणाचा उखडून नदीत टाकला यावरही बोला की. तेव्हा सगळे

संपादक मंडळ · शुक्रवार, रात्री ९:५२

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे, पुढचे सात उडवले आहेत. पुतळ्यांसाठी चार जुने धागे आहेत, तिथे जा. इथे थांबण्याबद्दल बोला.

शनिवारातला · शुक्रवार, रात्री ९:५५

म्हणजे धाग्यावरही 'पुढे चला'.

लायब्ररीतला · शनिवार, पहाटे १:१८

मी इथं फक्त वाचतो, आज लिहितोय. गाव लातूर जिल्ह्यात, पाच वर्षं झाली नवी पेठेत अभ्यासिकेत आहे.

११ मार्च २०२१. तीन दिवसांवर एमपीएससीची पूर्वपरीक्षा, आणि दुपारी कळलं की पुढं ढकलली. पोरं शास्त्री रस्त्यावर आली. कोणी बोलावलं नव्हतं. आमच्या खोल्या तिथंच, मेस तिथंच, चहा तिथंच, खाली उतरलं की रस्ताच. मी पण बसलो. मार्चचं डांबर दिवसभर तापलेलं, मांडी घातली की पँटमधून चटका बसतो. मग एकानं टेस्ट सिरीजचे पेपर काढले आणि त्यावर बसलो. अख्खं भूगोलाचं पेपर बुडाखाली. हसू पण येत होतं आणि रडू पण.

मजा सांगतो. पाच वर्षांत त्या रस्त्यावर मी रोज हजार पावलं चाललो असेन, पण रस्त्याच्या मधोमध बसून दोन्हीकडच्या इमारती पहिल्यांदा पाहिल्या. वरून लोक बघत होते. एका काकूंनी बादलीभर पाणी आणि तांब्या खाली पाठवला. दुसऱ्या एकानं बाल्कनीतून शिव्या दिल्या, त्याची गाडी अडकली होती. दोघंही बरोबर असतील.

ऑगस्ट २०२४ ला पुन्हा तेच. आयबीपीएसची, म्हणजे बँकभरतीची, आणि आमची परीक्षा एकाच दिवशी. पुन्हा शास्त्री रस्ता, रात्रभर. दोन दिवसांत परीक्षा पुढं गेली. अर्ज, ईमेल, ट्विट करून महिनाभर काही झालं नव्हतं. मग पुढारी आले. ते आले की माईक आला, माईक आला की आम्ही मागं सरकलो.

आम्हाला कोणी सांगितलं की ठरवून दिलेल्या मैदानात जा, तर आम्ही गेलो नसतो. तिथं आम्हाला कोण बघणार होतं?

परतलेली · शनिवार, सकाळी ७:४५

तांब्या पाठवणाऱ्या काकूंना नमस्कार. आणि लिहीत जा हो तुम्ही.

फिरस्ता · शनिवार, सकाळी १०:३०

लायब्ररीतला यांच्या शेवटच्या वाक्यावरून आठवलेल्या काही जागा. कामानिमित्त फिरणं झालं, त्यातल्या.

सोल: सिटी हॉलसमोर पूर्वी नुसता गाड्यांचा चौफुला होता. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात लोक लाल टीशर्ट घालून तिथे जमले, आणि शहराला कळलं की इथे माणसंही मावतात. २००४ ला हिरवळ लावून पटांगण केलं. म्हणजे कट्टेकरींच्या उलट, रस्त्याचा चौक झाला! पण २००९ ला माजी राष्ट्राध्यक्ष रोह यांच्या मृत्यूनंतर लोक शोक करायला येऊ लागले तेव्हा पोलिसांनी बसगाड्या एकीला एक चिकटवून सबंध पटांगणाला कुंपण केलं. हे घटनाबाह्य होतं असं तिथल्या घटना न्यायालयाने २०११ ला ठरवलं. पुढे २०१६-१७ च्या हिवाळ्यात दर शनिवारी मेणबत्त्या घेऊन लोक ग्वांगह्वामुन चौकात जमत राहिले, राष्ट्राध्यक्ष पदावरून गेल्या.

बँकॉक: सनाम लुआंग, राजवाड्याशेजारचं मोठं मैदान. राजाचे अंत्यविधी तिथे, लोकांचे पतंगही तिथे, आठवडी बाजार तिथे, सभा तिथे. १९८२ ला बाजार हलवला. २०१० च्या सुमारास डागडुजीला घेतलं आणि परत उघडलं तेव्हा भोवती कुंपण आणि रात्री फाटक बंद. २०२० च्या सप्टेंबरात विद्यार्थ्यांनी आत शिरून फरशीत एक पितळी चकती बसवली, 'हा देश लोकांचा आहे' अशा अर्थाची. एका दिवसात ती गायब.

कोलंबो: गॉल फेसची समुद्राकाठची हिरवळ. गव्हर्नर वॉर्डने १८५९ ला फिरायची वाट पूर्ण केली आणि दगडावर कोरून ठेवलं की कोलंबोच्या स्त्रियांच्या आणि मुलांच्या हितासाठी ती पुढच्यांनी जपावी. २०२२ ला गॅस नाही, पेट्रोल नाही, दुधाची पावडर नाही, तेव्हा ९ एप्रिलपासून तिथेच तंबूंचं गाव उभं राहिलं. वाचनालय, दवाखाना, स्वयंपाकघर, सगळं. स्त्रिया आणि मुलं होतीच. वॉर्डसाहेबाच्या मनात हे नसावं.

आणि जाकार्ता, माझं आवडतं. जानेवारी २००७ पासून दर गुरुवारी राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोर बेपत्ता झालेल्यांचे, मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक काळ्या छत्र्या घेऊन उभे राहतात. फार घोषणा नाहीत, मुख्य काम उभं राहणं. शेकडो गुरुवार झाले.

शनिवारातला · शनिवार, दुपारी १२:१५

हे छत्रीवालं मला चालेल. आवाज नाही, मांडव नाही. आमच्या चौकात या, चहा पाजतो.

पायरीवरचा · शनिवार, दुपारी १२:४०

एक राहिलं. सगळे निदर्शनांचं बोलताय, पण रोज सकाळी थांबायचं आणि रात्री सुटायचं ज्यांचं पोट आहे त्यांचं काय? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्याच निवडून आलेल्या प्रतिनिधींना आहेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. कागदावर या देशात नुसतं रस्त्याकडेला थांबल्याबद्दल प्रतिनिधित्व मिळणारे तेच. प्रत्यक्षात टेम्पो आला की हातगाडी घेऊन पळणारेही तेच.

टेकडीवाली · शनिवार, दुपारी २:०५

आमच्या इथल्या भाजीवाल्या मावशी म्हणतात, गाडा चालता ठेवला तर फेरीवाली, उभा केला तर अतिक्रमण. चाक फिरतंय तोवर ठीक.

कट्टेकरी · रविवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. येरवडेकर, शीर्षकाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. बदलत नाही, कारण मग तुमचा प्रतिसाद लोंबकळत राहील. पण आता ते वाचलं की टोचतं.

पाराचं ताजं. आज मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे, मला काका म्हणतो. म्हणाला, काका, आम्हाला काय हौस आहे का, वरच्या मजल्यावरून तक्रारी येतात. (शनिवारातला, तुम्ही नव्हे ना?) बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं: कुलपाची एक किल्ली समोरच्या चहावाल्याकडे राहील. संध्याकाळी ५ ते ७ उघडं. म्हणजे पाराला वेळापत्रक आलं. सनाम लुआंगला तरी पहाटेपासून रात्री दहापर्यंत आहे म्हणतात.

सहाच्या सुमाराला किल्ली घेऊन जाळी उघडली. खाली महिन्याची पिंपळपानं साठली होती, ती चहावाल्याच्या पोऱ्याने झाडली. मग चौघांना बोलवायला गेलो. दोघे आले. तिसऱ्यांना मुलाने खाली उतरायला बंदी केलीय, गाडीवरून घसरले म्हणून. चौथे त्या स्कूटरवर पेपर अंथरून बसलेले, उठायलाच तयार नाहीत. म्हणाले, "इथं सीट मऊ आहे. आणि गाडीवाला आता ओळखीचा झालाय, त्याला माझी वाट बघायला लावतो."

मिसळप्रेमी · रविवार, रात्री ९:१०

फोटो!!

शनिवारातला · रविवार, रात्री ९:१२

तक्रार मीच केली होती. पण दारूवाल्यांची. पाच ते सात मी खाली येत जाईन, चौथा कमी पडतोय असं दिसतं. पत्ते घरचे आणतो.